मल्लूबावाची लाथ

आमच्या साखर पेठेतल्या गल्लीत कोंबडं आरवायच्या आधी माग सुरू व्हायचे. एका घराचा सुरू झाला की शेजारचा, मग समोरचा, आणि बघता बघता सगळी गल्ली खटक-खट, खटक-खट करायला लागायची. तान्ही पोरं त्या आवाजात झोपायची आणि आवाज थांबला की दचकून उठायची, असले आम्ही लोक. आमच्या पुढच्या खोलीत दोन खड्डे होते. एका खड्ड्यात पाय सोडून नायना, म्हणजे माझे वडील, बसायचे आणि दुसऱ्यात अन्ना, माझा थोरला भाऊ. वर हातानं धोटा फेकायचा आणि खाली खड्ड्यात पायांनी पावड्या दाबायच्या, उजवी, डावी, उजवी, डावी. लोकांना वाटतं विणकराचं काम हाताचं. हाताचं कसलं डोंबलाचं! हात चुकला तर धागा तुटतो, पाय चुकला तर लुगडंच फुकट जातं. मी आणि अम्मा आतल्या पडवीत रहाटावर कांड्या भरत बसायचो. कांडी म्हणजे धोट्यात घालायची दोऱ्याची बारकी नळी. ते बायकांचं काम, पुरुषानं रहाटाला हात लावला की गल्ली हसायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

घरात आम्ही तेलुगूच बोलायचो. शाळेत आणि बाजारात मराठी, टांगेवाल्याशी त्याची ती दख्खनी. इथं मी सगळ्यांच्या तोंडी मराठी घातलीय, कारण लिहायला मला हीच भाषा शिकवली. नायनांच्या तोंडी मराठी मात्र मला अजून खोटी वाटते. त्यांना मराठीत फक्त लुगड्याचे भाव करता यायचे.

नायनांची गल्लीत खरी वट होती ती खळीमुळं. ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते. पिठाची पातळसर पेज शिजवायची आणि सूर्य वर यायच्या आत गल्लीभर ताणलेल्या सुतावर कुंच्यानं ओढायची. खळ पातळ झाली तर सूत पिंजतं, घट्ट झाली तर वाळल्यावर कडक होऊन तडातड तुटतं. नायना हंड्यात बोट बुडवून बोटावरून खळ कशी ओघळते ते नुसतं बघायचे आणि म्हणायचे, "उतरव." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला, मनगट लचकलं, तरी लोक नायनांकडंच यायचे. ते जुन्या धोतराच्या पट्ट्या खळीत भिजवून गुंडाळायचे आणि माणसाला उन्हात बसवायचे. वाळून पट्टी फळीसारखी कडक व्हायची आणि आत मुरगळलेला पाय हलायचा म्हणून नाही. आठवड्याभरात माणूस पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसायचा. ह्याचे ते कुणाकडून काही घेत नसत, फार तर कुणी सकिनालु, आमच्या तांदळाच्या चकल्या, आणून दिली तर आम्ही पोरं खायचो.

आता मल्लूबावाचं सांगते. तो माझ्या आत्याचा मुलगा. आमच्यात आत्याच्या मुलाला बावा म्हणतात, आणि बावाशी लग्न व्हायचं हे पोरीला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक असतं. आत्याचा नवरा वारला, मग अम्मा दुखण्यात पडली, असं करत करत लग्न लांबलं. मला एकोणिसावं लागलं होतं आणि गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघून चुकचुकायच्या. शेवटी संक्रांतीनंतर करायचं ठरलं. आत्या येऊन माझी ओटी भरून हळदीकुंकू लावून गेली. खोटं कशाला बोलू, मला मल्लूबावा आवडायचा. उंच, हडकुळा, कान जरा बाहेर आलेले. आमच्याकडं आला की पडवीच्या दारात उभा राहून विचारायचा, "काय गं तिखट, आज कुणाला चावलीस?" मी रहाट जोरात फिरवायची. एवढंच आमचं प्रेम. पण मला ते पुरे होतं, बाकीचं संक्रांतीनंतर होणारच होतं.

एकच खोट होती. त्यानं माग सोडून गिरणी धरली होती. आमच्या लोकांना गिरणी म्हणजे सवत. अन्ना आणि तो एका ताटात जेवून वाढलेले, पण गिरणीवरून दोघांचं वाजायचं. ज्या फुटबॉल मॅचचं पुढं सांगणार आहे तिच्या आधी कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमक्ष अन्ना त्याला म्हणाला, "भोंगा वाजला की कुत्र्यासारखा पळतोस." बावा अर्धा चहा तसाच ठेवून उठला. हॉटेल भरलेलं होतं. तो टाकलेला अर्धा चहा पुढं सगळ्यांनी लक्षात ठेवला.

त्या काळी सोलापुरात फुटबॉलचं वेड होतं, हे आता सांगितलं तर नातवंडं हसतात. किल्ल्याजवळच्या मैदानात पोलीस खेळायचे, गिरणीवाले खेळायचे, आमच्या पेठेची पोरं खेळायची. आमची पोरं अनवाणी. लहानपणापासून पावड्या दाबून त्यांचे पाय असे तयार झालेले की बॉल पायाला चिकटूनच राहायचा. त्या वर्षी गिरणीनं आपल्या टीमला बूट दिले. मल्लूबावानं जन्मात पहिल्यांदा बूट घातले ते त्या दिवशी, आणि पहिल्यांदाच तो अन्नाच्या विरुद्ध खेळला. मी मॅच बघितली नाही, बायका जात नसत. ती लाथ मी कधी पाहिली नाही. पण आयुष्यभर इतक्यांच्या तोंडून ऐकली की मला ती माझ्या लग्नापेक्षा स्पष्ट आठवते. अन्ना बॉल घेऊन गोलकडं निघाला. धूळ उडालेली. मल्लूबावा समोरून आला. त्यानं पाय मारला आणि टांगेवाले हुसेनचाचा म्हणायचे तसं, "लकडी टूटे वैसा आवाज आया."

हुसेनचाचांच्याच टांग्यातून अन्नाला घरी आणला. उजव्या पायाची नडगी मोडली होती, पाय भलतीकडंच वळला होता. अम्मा किंचाळली. नायनांनी तिला आत पाठवलं आणि मला म्हणाले, "खळ गरम कर." मी केली. बोटावरून कशी ओघळते ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आणखी घट्ट. हाड आहे हे." त्यांनी दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या लावल्या आणि पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, ताणा आवळतात तशा ओढून. अन्नाला उचलून ओट्यावर उन्हात ठेवलं. गल्ली जमली होती. कुणीतरी म्हणालं, "मोठ्या दवाखान्यात न्यायचं का?" त्यावर सगळेच अंगावर आले, दवाखान्यात गेलेला पाय परत येत नाही, कापतात तिथं. नायना अन्नाच्या डोक्याशी बसून पंख्यानं वारा घालत होते. एकुलता मुलगा होता तो त्यांचा.

आणि कोपऱ्यावरचं हॉटेल सुरू झालं. सुरू म्हणजे ते रोज सुरूच असायचं, पण आता तिथं चहा प्यायला कुणी येत नव्हतं, भांडायला येत होतं. हॉटेलचं बाकडं आमच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं पडवीत बसून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. हुसेनचाचा गोलच्या पाठीमागं टांगा लावून उभे होते, म्हणजे साक्षीदार नंबर एक.

"जान-बूझ के मारा, मियाँ! मैं अपनी आँखों से देख्या. बॉल तो कबका निकल गया था."

"कुटं निकल गया?" हा धोंडिबा धनगर. मैंदर्गीकडनं घोंगड्या विकायला यायचा आणि मॅच असली की मुक्काम वाढवायचा. "बॉल तितंच हुता, पायाखाली. म्या बी व्हतो की! त्या पोराच्या पायात बूट पैल्यांदा. अंदाज न्हाय आला. बैलाला नवीन नाल ठोकली तर तो बी दोन दिस लाथा झाडतो."

"तो फिर चाय क्यों छोड के गया? बोल! दिल में था उसके."

"आवो चाचा, चहा टाकला म्हंजी पाय मोडला व्हय? मग माझी बायकू रोज पाय मोडती माजा."

लोक हसायचे. मग पुन्हा कुणीतरी बूट दाखवायला उठायचा, पाय असा होता, तसा होता. चहाच्या पेल्याचा अन्ना करायचे, काडेपेटीचा मल्लूबावा करायचे आणि बाकड्यावर ती लाथ पुन्हा पुन्हा मारायचे. आमचे लोक बहुतेक चाचांच्या बाजूचे. गिरणीत गेला तो आपला राहिला नाही, मग आपल्याला लाथ मारायला त्याला काय लागतं? अन्नाला विचारलं तर तो दात आवळून म्हणायचा, "धूळ होती. मला नाही दिसलं." हे तो बावाला वाचवायला म्हणतो असं एक म्हणायचा, तर दुसरा म्हणायचा, बघा, "नाही मारलं" असं तर नाही ना म्हणत. मला बाहेर जाऊन सगळ्यांचे पेले फोडावेसे वाटायचे. माझं लग्न त्या काडेपेटीवर अडकलं होतं आणि ते तिच्याशी खेळत होते!

मॅचच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मल्लूबावा आला. बूट नव्हते, अनवाणीच होता. ओट्यावर अन्नापाशी बसला आणि त्याच्या पावलाला हात लावला. अन्नाची बोटं सुजून टम्म झाली होती. बावा एकदम उठून नायनांना म्हणाला, "मामा, हे गार लागतंय. दवाखान्यात नेऊ. आमच्या गिरणीत एकाचं मोडलं होतं, त्याला तिथं नेला आणि तो आता चालतो. मी टांगा आणतो."

नायना काही बोलायच्या आत हॉटेलचं बाकडं रिकामं होऊन सगळे आमच्या दारात आले. "आधी मोडलास, आता कापायला नेतोस?" एकानं त्याचं मानगूट धरलं. बावा ओरडत होता, "मामा, तुम्ही बघा, तुम्ही स्वतः बघा त्याची बोटं!" अन्नाही कण्हत म्हणाला, "नायना, फार घट्ट होतंय." नायनांनी लोकांकडं पाहिलं, मग पट्टीवर टिचकी मारली. टणक आवाज आला. "घट्टच हवं," ते म्हणाले, "सैल राहिलं तर हाड हलतं." बावाला ढकलत ढकलत गल्लीबाहेर घालवलं. जाताना त्यानं पडवीकडं पाहिलं. मी रहाट फिरवत नव्हते.

मी आज एवढी म्हातारी झाले तरी त्या संध्याकाळशी येऊन अडते. मुद्दाम होतं की नव्हतं, ह्याचा काथ्याकूट ज्यांनी केला ते वाईट लोक नव्हते. त्यांतल्या निम्म्यांनी अन्नाला पाळण्यात पाहिलेलं. पण ते भांडण नसतं तर मल्लूबावाचं ऐकलं असतं. तो शत्रू ठरला, म्हणून त्याचं खरं बोलणंही शत्रूचं ठरलं. मला ह्याचा राग अजून येतो आणि तो कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही. सगळे मेले.

बोटं काळी पडली आणि वास यायला लागला तेव्हा अम्मानं कुणाचं ऐकलं नाही. ती केस मोकळे सोडून गल्लीत उभी राहिली आणि टांगा, टांगा म्हणून ओरडली. टांगा घेऊन हुसेनचाचाच आले आणि चाचांच्या शेजारी बसून मल्लूबावा आला. ते दोघं कसे एकत्र आले मी कधी विचारलं नाही. बावानं अन्नाला उचललं, मी अन्नाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. टांग्यात आणखी जागा नव्हती, म्हणून नायना आणि अम्मा मागून पायी निघाले. त्यामुळं ते यायच्या आधी जे झालं ते फक्त मी आणि बावानं ऐकलं.

दवाखान्यात पट्टी कात्रीनं कापेना. शेवटी करवतीसारखं काहीतरी आणून कापली. अन्नाला तोवर शुद्ध नव्हती. डॉक्टर मराठी होते, वयस्क, शांत. त्यांनी पाय पाहिला, मग जमिनीवर पडलेला तो खळीचा पोकळ पाय पाहिला आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

मल्लूबावानं माझ्याकडं पाहिलं.

"हाड जुळलं असतं," ते म्हणाले. "साधं मोडलं होतं. हे वाळताना आवळत गेलं आणि रक्तच बंद झालं. आता पाय काढावा लागेल, नाहीतर मुलगा जाईल." असं म्हणून ते हात धुवायला गेले.

मी भिंतीला टेकले. मल्लूबावा माझ्यासमोर उभा राहिला. इतक्या जवळ तो आधी कधी उभा राहिला नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "अंबू, हे मामांना कळता कामा नये. ते जगणार नाहीत."

"मग काय सांगायचं?" मी विचारलं.

"लाथ वाईट जागी बसली, असं सांगायचं."

"आणि लोक तुला..."

"लोक म्हणतातच आहेत," तो म्हणाला. तेवढ्यात दारात नायना दिसले, धापा टाकत, पागोटं हातात. बावा त्यांच्याकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "मामा, लाथेनंच गेला पाय. डॉक्टर म्हणाले." अम्मा त्याच्या छातीवर बुक्क्या मारायला लागली आणि तो तसाच उभा राहिला.

अन्नाचा पाय गुडघ्याखालून गेला. तो दवाखान्यात असतानाच इकडं देवळाच्या ओट्यावर पंच बसले. लग्न मोडायचं की ठेवायचं, आत्याशी रोटीव्यवहार ठेवायचा की नाही, हे ठरवायचं होतं. बायका खांबांच्या मागं बसल्या होत्या. आत्या एकटीच कोपऱ्यात, तिच्याजवळ कुणी बसेना. हुसेनचाचांनी साक्ष दिली. पण ह्या वेळी ते अडखळत होते, "मेरे कू ऐसा लग्या... खुदा जाने." मग धोंडिबा उठला. तो आमच्यातला नव्हता, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं, पण तो घोंगडं खांद्यावर टाकून उभाच राहिला.

"लाथंनं हाड मोडतं, पाय काळा पडत न्हाय," तो म्हणाला. "मेंढराचं पाय मोडत्यात, आमी रोज बांधतो. पाय काळा पडतो तो आवळल्यानं. त्या डाक्टरला हितं आणा आन् इचारा की, बांदलं कुनी, कशानं?"

कुणी नायनांकडं बघत नव्हतं, पण सगळ्यांच्या माना तिकडंच वळायला लागल्या होत्या. नायना पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. त्यांचे ओठ हलले. माझ्या मनात आलं, आता बोलतील, आता निघेल. देवा, माझ्या मनात काय काय आलं! निघू दे, असंही आलं. निघालं तर बावा सुटेल आणि संक्रांतीला माझं लग्न होईल. आणि त्याच क्षणी नायनांची ती वाकलेली मान दिसली आणि नको, नको असंही आलं.

मल्लूबावा उठला. "डॉक्टर कशाला हवा," तो म्हणाला. "मी मुद्दाम मारलं. हॉटेलात सगळ्यांसमोर मला कुत्रा म्हणाला, त्याचा राग होता. मोडायचाच होता पाय, मोडला."

आत्यानं तोंडात पदर कोंबला. लोकांचा एकच गलका उठला आणि त्यात धोंडिबाचं बोलणं वाहून गेलं. नायनांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुःखानं मिटले.

लग्न मोडलं. आत्या गिरणीजवळच्या चाळीत राहायला गेली आणि सख्खा भाऊ असून पुन्हा आमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नाही. मला अक्कलकोटला दिलं. माझे यजमान चांगले होते, हे मी इथं स्वच्छ लिहिते, कारण त्यांच्याविषयी कुणी वेडंवाकडं वाचू नये. मला कानडी त्यांनीच शिकवलं, पोरं मोठी केली, कधी हात उगारला नाही. पण संक्रांत आली की मी कुणाशी बोलत नसे आणि त्यांनी कधी कारण विचारलं नाही.

माहेरी यायची तेव्हा गल्लीत शिरतानाच कान टवकारायची. आमच्या घरातून एकाच मागाचा आवाज यायचा. एका पायानं दोन पावड्या दाबता येत नाहीत. अन्ना आत पडवीत माझ्या जागेवर बसून माझ्या रहाटावर कांड्या भरायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू फुटलं. तो म्हणाला, "रडतेस काय? तुझ्यापेक्षा घट्ट भरतो मी, नायनांना विचार." गल्ली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं असं तो एकदा म्हणाला. बावानं पंचांसमोर काय सांगितलं ते कळल्यावर मात्र त्यानं कुबडी भिरकावली होती. "खोटं बोलला तो! मल्लू मुद्दाम मारणारा नाही!" पण तेव्हा ऐकणार कोण? गुन्हेगार स्वतः कबूल झाल्यावर साक्षीदाराला कोण विचारतं?

आणखी एक माझ्या लक्षात यायचं, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. नायना आता खळ करत नसत. सकाळी गल्लीत ताणा लागला की शेजारचा पोऱ्या हंडा घेऊन यायचा आणि नायना आत जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "हाताला खाज सुटते." एवढ्या वर्षांत सुटली नव्हती ती!

अम्मा गेल्यावर नायना खचले आणि एका पावसाळ्याच्या शेवटी अंथरुणाला खिळले. मी अक्कलकोटहून आले. एक दिवस सकाळी नायनांनी पच्चीपुलुसु, म्हणजे चिंचेचं कच्चं सार, घालून भात चार घास खाल्ला, जरा तरतरी आली आणि ते म्हणाले, "मल्लूला बोलाव." मी अन्नाकडं पाहिलं. अन्नानं हुसेनचाचांना पाठवलं. मल्लूबावा पहिल्या पाळीवरून सुटून तसाच आला, केसांत कापसाची पिंज. कानांजवळ पांढरं झालं होतं. त्यानं लग्न केलं नव्हतं. कुणी पोरगी दिली नव्हती, असं लोक म्हणायचे. तो दारातच थांबला. ह्या वेळी मला तिखट म्हणाला नाही.

नायना उठून बसले. मला म्हणाले, "परात आण आणि तांब्याभर पाणी."

मी आणलं. त्यांनी परात स्वतःपुढं ओढली आणि बावाला म्हणाले, "उजवा पाय ठेव."

"मामा, वद्दु," बावा मागं सरकला. "असं करू नका."

"ठेव म्हणतो ना! जावयाचे पाय धुवायचे राहिलेत माझे."

आमच्याकडं कन्यादानात सासरा जावयाचे पाय धुतो. सासू पाणी ओतते आणि सासरा धुतो. अम्मा नव्हती. तांब्या माझ्या हातात होता. मल्लूबावानं पाय परातीत ठेवला आणि तो भिंतीकडं बघत उभा राहिला, ओठ घट्ट मिटून. मी पाणी ओतलं. नायनांनी दोन्ही हातांनी त्याचा पाय धुतला, घोटा, टाच, बोटांच्या मधल्या जागा, सावकाश. मग म्हणाले, "ह्या पायानं काही केलं नव्हतं. खळ माझी होती. त्या दिवशी देवळात धोंडिबा बोलला तेव्हाच मला कळलं. नाही, त्याच्याही आधी. टिचकी मारली ना मी, तेव्हा. तू उठलास आणि माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही. मी तुला बुडवलं रे, आणि पोरीलाही."

माझा तांब्या रिकामा झाला होता तरी मी तो तसाच वाकडा धरून उभी होते. आम्ही दोघांनी ज्यांच्यासाठी तोंड शिवून घेतलं त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मग कशासाठी? माझी संक्रांत कशासाठी गेली? मला ओरडावंसं वाटलं आणि त्या हडकलेल्या पाठीकडं बघून ओरडवलं नाही. नायनांनी पाय पुसायला माझा पदर मागितला. मी दिला.

मल्लूबावा गेला. जाताना त्यानं नायनांच्या डोक्यावर हात ठेवला, वडील माणसानं लहानाच्या ठेवावा तसा. मी पडवीत गेले. अन्ना रहाटापाशी बसला होता. मधे फक्त एक पडदा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ह्याला काय सांगू? ज्याचा पाय गेला त्या एकट्यालाच आम्ही अंधारात ठेवलं.

"अन्ना," मी म्हणाले, "मला आणि बावाला डॉक्टरांनी त्याच दिवशी..."

"मला ठाऊक होतं," अन्ना म्हणाला.

"कधीपासून?"

"पाय माझा होता, अंबू. उन्हात ठेवलं तेव्हापासून कळत होतं, काय आवळतंय ते."

"मग बोलला का नाहीस? एवढी वर्षं?"

त्यानं एक कांडी उचलली, तिचं टोक शोधलं. "रोज समोरासमोर बसून जेवायचो नायना आणि मी," तो म्हणाला. "कसं बोलायचं?"

मग त्यानं रहाट फिरवायला सुरुवात केली आणि मी त्याच्या शेजारी बसून सूत धरलं.